आधी हलका करायचा, मग पाडायचा

रस्सीखेचीत दोरीचा ताण दोन्ही बाजूंना सारखाच असतो असं सांगितलं की अकरावीचा वर्ग एकदम गप्प होतो, आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, सारखाच असेल तर मग जिंकतं कोण?" दरवर्षी विचारणारं पोर वेगळं असतं पण प्रश्न हाच, आणि दरवर्षी मला तो ऐकून बरं वाटतं, कारण ज्या पोराला हा प्रश्न पडला त्याला न्यूटनचा तिसरा नियम कळायला सुरुवात झाली असं मी धरते. ज्यांना पडत नाही ते नियम पाठ करून मोकळे होतात, मार्क पण मिळवतात, पण मैदानावर समोर नऊ-दहा दांडगी पोरं दिसली की "आपण हरणार" असं आधीच ठरवून टाकतात.

तर उत्तर असं आहे की दोरीकडे बघूच नका, पायाकडे बघा. एका टीमवर आडव्या दिशेने फक्त दोनच बलं लागतात, एक दोरीचं, जे त्यांना पुढे खेचतं, आणि दुसरं जमिनीचं, जे त्यांना मागे ढकलतं. दोरीचं बल दोन्हीकडे सारखं, त्यात कुणाचं काही चालत नाही, मी जितकं ओढीन तितकंच समोरून मला ओढलं जाणार. राहिली जमीन. जिच्याकडून ज्याला जास्त मिळालं तो मागे सरकतो, आणि ज्याला कमी मिळालं तो फरफटत पुढे येतो. म्हणजे रस्सीखेच ही दोन टीमची एकमेकांशी लढत दिसते खरी, पण प्रत्येक टीम लढत असते ती आपल्या पायाखालच्या जमिनीशी.

न्यूटनने १६८७ साली हा नियम मांडला तेव्हा उदाहरण दिलं होतं दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचं, की घोडा दगडाला जितका ओढतो तितकाच दगडही घोड्याला मागे ओढतो. त्याच्या तीसेक वर्षं आधी जर्मनीतल्या माग्देबुर्ग गावात ओटो फॉन गेरिके या माणसाने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढून घेतली आणि दोन्हीकडून आठ आठ घोडे जुंपून ते वेगळे होत नाहीत हे लोकांना दाखवलं. प्रयोग हवेच्या दाबाचा होता, पण मी तो रस्सीखेचीसाठी सांगते. वर्गात विचारते, समजा गेरिकेकडे आठच घोडे असते आणि दुसरी बाजू त्याने एका भक्कम भिंतीला बांधली असती तर गोलावर जोर किती लागला असता? निम्मा, असं निम्मा वर्ग म्हणतो. तर नाही, तेवढाच लागला असता. भिंतीने पलीकडच्या आठ घोड्यांचं काम आपोआप केलं असतं. हे एकदा पचलं की बाकी सगळं सोपं आहे.

आता जमीन देते किती? तर तुम्ही तिच्यावर जितक्या भाराने उभे आहात तो भार गुणिले घर्षणांक, म्हणजे तळवा आणि जमीन एकमेकांना किती धरतात ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त एवढं. साठ किलोचं पोर गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभं असेल तर घर्षणांक साधारण पाव धरा, म्हणजे त्याला जमिनीकडून पंधरा किलोच्या आसपास जोर मिळेल, त्याचे दंड कितीही भरलेले असू देत. तेच पोर रबरी तळाचे बूट घालून कोरड्या काँक्रीटवर उभं राहिलं तर घर्षणांक ०.८ च्या घरात जातो, म्हणजे अठ्ठेचाळीस किलो. पोर तेच, हात तेच, सकाळी खाल्लेली भाकरी पण तीच, आणि ताकद तिपटीने वाढली. मला यातली न्यायाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण शाळेत आपण पोरांना फार लवकर दांडगी आणि मरतुकडी असे शिक्के मारतो आणि कुणाच्या पायात काय होतं हे बघतच नाही.

पण नुसतं घर्षण असून भागत नाही, ते वापरता यायला हवं, आणि तिथे मागे झुकणं येतं. सरळ उभं राहून छातीच्या उंचीवर दोर धरला तर काय होतं बघा. दोर साधारण १२० सेंटीमीटर वर, आणि शरीराचं वजन पायाच्या बोटांच्या मागे जेमतेम १५ सेंटीमीटर. साठ किलो गुणिले पंधरा भागिले एकशेवीस, म्हणजे साडेसात किलो. याच्यापेक्षा जास्त ओढ आली की माणूस बोटांवरून पुढे उलटणार, मग त्याचे बूट कितीही भारी असोत. आता तोच माणूस मागे झुकला, अंग सरळ एका रेषेत ठेवून, वजन टाचेच्या ६० सेंटीमीटर मागे गेलं आणि दोर ७५ सेंटीमीटरवर आला, तर साठ गुणिले साठ भागिले पंच्याहत्तर, अठ्ठेचाळीस किलो. घर्षण जितकं देऊ शकतं बरोबर तितकंच. मैदानावर दोन्ही प्रकारचे हरणारे दिसतात, एक जो खूप झुकतो पण पाय धरत नाहीत म्हणून बसकण मारतो, आणि एक ज्याचे पाय घट्ट आहेत पण झुकायला घाबरतो म्हणून तोंडघशी पुढे येतो. झुकायला घाबरणं स्वाभाविक आहे, मागे काहीच नसताना स्वतःला सोडून द्यायचं असतं, समोरच्याच्या ओढीवर विश्वास ठेवून. मुलींना हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांना लहानपणापासून अंग चोरून उभं राहायला शिकवलेलं असतं, आणि एकदा का त्या मनापासून झुकायला लागल्या की कसल्या ओढतात, बघत राहावं.

रस्सीखेच एके काळी ऑलिम्पिकमध्ये होती हे सांगितलं तर अजून लोकांना खरं वाटत नाही. १९०० ते १९२० पर्यंत होती. १९०८ ला लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनकडून तीन टीम उतरल्या आणि तिन्ही पोलिसांच्या. लिव्हरपूल पोलिसांनी अमेरिकेच्या टीमला पहिल्याच ओढीत सपशेल खेचून घेतलं, आणि अमेरिकेने तक्रार केली की यांचे बूट बघा, एवढे जड बूट घालून ओढायचं म्हणजे काय. पोलिसांचं म्हणणं, हे आमचे रोजचे ड्युटीचे बूट. अमेरिका निषेध करून निघून गेली, सोनं लंडन शहर पोलिसांना, चांदी लिव्हरपूलला. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि भांडणाचा मुद्दा अगदी अचूक होता, कारण त्या मैदानावर खरंच बुटाच्या तळाचाच सामना चालू होता.

आता आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आठ आठ जणांची टीम असते आणि आठांचं मिळून वजन धरतात, उदाहरणार्थ ६४० किलो गटात आठ जणांची बेरीज ६४० च्या आत पाहिजे. दंडाचा घेर मोजत नाहीत, छाती मोजत नाहीत, फक्त वजन, कारण जमिनीकडून काय मिळणार हे वजनावर ठरतं. आणि एक ओढ झाली की बाजू बदलतात. हा बाजू बदलण्याचा नियम लहान वाटतो पण त्याची किंमत मला एका शाळेच्या क्रीडादिनाला कळली. आदल्या संध्याकाळी धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलं होतं आणि पाइप एका टोकाला जास्त वेळ चालू राहिला असणार, तिथे माती चिकट गुळगुळीत झाली होती. त्या टोकाला जी टीम उभी राहिली ती गेली, एकामागून एक, आणि बाजू बदलायची पद्धतच नव्हती. एका वर्गातल्या मुली तर रडायला लागल्या की आम्ही एवढी प्रॅक्टिस केली. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं, त्यांच्या पायाखाली चुकलं होतं, आणि हे त्यांना त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, सर्टिफिकेटं दुसऱ्यांना वाटून झाली. अजून मला त्याचा राग आहे.

पाणी थोडं असेल तर मात्र माती पक्की होते. किंचित ओली माती कणाकणाला धरून ठेवते म्हणून टाच तिच्यात रुतवता येते, आणि टाच रुतली की तो मामला नुसत्या घर्षणाचा राहत नाही, तुम्ही मातीच्या एका छोट्या भिंतीला पाय लावून उभे असता, ती भिंत तुटेपर्यंत तुम्ही हलत नाही. आमाँतों नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये सांगितलं की घर्षण भारावर अवलंबून असतं, टेकलेल्या भागाच्या क्षेत्रफळावर नाही, आणि लिओनार्दो दा विंचीला तेच दोनशे वर्षं आधी सापडलं होतं पण ते त्याच्या वह्यांतच पडून राहिलं. तो नियम कोरड्या, कडक पृष्ठभागांचा. मातीत उतरलं की मातीचे नियम लागतात. म्हणून मैदानावरची मुरलेली टीम आधी खड्डे करते, टाचेने, शांतपणे, आणि मगच दोर घट्ट करते.

अजून एक गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली असते. दोन्ही टीम तिढ्यात अडकलेल्या असतात, मिनिट जातं, कुणी हलत नाही, दोराचा मध्य जागेवर थरथरतोय, आणि मग एकदम काहीतरी सुटतं आणि एक टीम धडाधड पुढे येते, जणू मघाशी त्यांच्यात दमच नव्हता. दम असतो, पण थांबलेल्या पायाला जमीन जेवढं देते तेवढं सरकणाऱ्या पायाला देत नाही. एकाचा पाय घसरला की त्याचा वाटा कमी, तो बाकीच्यांवर पडतो, त्यातला अजून एक घसरतो. म्हणून पहिला पाय सरकू न देणं हेच सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते सगळ्यात दांडग्या पोराचं नाही, सगळ्यात कच्च्या पोराचं आहे.

आणि आठ जण म्हणजे आठपट ताकद असं पण नसतं. माक्स रिंगेलमान म्हणून एक फ्रेंच शेतकी इंजिनियर होता, त्याने १८८० च्या दशकात माणसांना एकेकटं आणि मग गटाने दोर ओढायला लावून मोजलं. आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढण्याच्या जवळपास निम्म्यावर आला होता. काही भाग असा की सगळ्यांचा झटका एका क्षणी पडत नाही, माझा जोर येतो तेव्हा तुझा ओसरतो. पण १९७४ मध्ये अमेरिकेत अॅलन इंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हुशार प्रयोग केला, डोळे बांधलेल्या माणसाला वाटेल की मागे बाकीचे पण ओढताहेत, प्रत्यक्षात मागचे नुसतं ओढल्याचं नाटक करत होते, आणि तरी त्या माणसाचा जोर कमी भरला. बाकीचे आहेत ना, या भावनेने हात आपोआप सैल पडतात. "जोर लगाके हैश्शा" हे जे आपण ओरडतो ते पहिल्या तोट्यावरचं औषध आहे, सगळ्यांचा झटका एका ठोक्यावर आणायचं. दुसऱ्या तोट्यावरचं औषध मला वाटतं नाव घेऊन ओरडणं हे असावं, काठावर उभं राहून प्रत्येकाचं नाव, कारण नाव ऐकू आलं की माणसाला गर्दीत लपता येत नाही. हे माझं निरीक्षण आहे, कुणाचा प्रयोग नाही.

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. दोर मनगटाला गुंडाळू नका, कमरेला गाठ मारू नका, आणि नायलॉनचा दोर आणू नका. पोरं गुंडाळतात, कारण त्यांना अंदाजाने कळलेलं असतं की गुंडाळलं की दोर सुटत नाही, आणि ते भौतिकशास्त्राच्या हिशेबाने अगदी खरं आहे. गावाकडे विहिरीत मोटर सोडताना दोराला झाडाच्या बुंध्याभोवती दोन-तीन वेढे देतात ना, ते याचसाठी. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने याचा हिशेब मांडून ठेवलाय, घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला एका बाजूचा जोर दुसऱ्या बाजूला साडेसहापट पेलतो, दोन वेढ्यांना चाळीसपटीच्या वर, तीन वेढ्यांना अडीचशेच्या पुढे. एक म्हातारा माणूस एका हाताने मोटर तोलून धरतो ते त्यामुळे. पण झाडाच्या जागी तुमचं बोट असेल तर तो सगळा जोर बोटाच्या कातडीवर आणि हाडावर येतो आणि सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. स्पर्धेत शेवटच्या माणसाला दोर काखेतून पाठीवरून खांद्यावर घ्यायला परवानगी असते, पण गाठ किंवा अडकवणं चालत नाही, ते याच कारणाने. आणि नायलॉन ताणतो, ताणताना ऊर्जा साठवतो, तुटला की ती सगळी एका क्षणात मोकळी करतो. १९९७ मध्ये तैपेईत दीड हजाराहून जास्त लोक एकच दोर ओढत होते, तो तुटला आणि दोन माणसांचे हात खांद्याजवळून तुटले. क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून "मजबूत दोर द्या" म्हणून काहीतरी आणतं, तेव्हा हे माहीत असायला पाहिजे. जाड सुती किंवा तागाचा दोर, ज्याला मुठीत धरता येतो, बास.

हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होते, पण माझ्या डोक्यात एक गोष्ट नीट बसली ती मामांमुळे. मामा तरुणपणी कोल्हापुरात तालमीत होते, आता गुडघे गेलेत, पण अजून कुठे मैदान असलं की जाऊन बसतात. एकदा असंच बोलता बोलता मी त्यांना विचारलं, मामा, तुमच्यापेक्षा दहा-पंधरा किलो जास्त असलेल्या पैलवानाला तुम्ही पाडायचा तरी कसा? ते म्हणाले, "आदी हलका करायचा गं त्याला, मग पाडायचा. जडाला पाडाय गेलीस तर तूच पडशील बघ."

मी त्या रात्री कागदावर मांडून बघितलं. दोघं सत्तर सत्तर किलोचे धरा, माती तीच, घर्षणांक ०.६, तर दोघांनाही जमिनीकडून बेचाळीस बेचाळीस किलो जोर मिळतो, बरोबरी. आता एकाने खाली जाऊन, खांदा समोरच्याच्या काखेखाली घालून, त्याला फक्त वीस किलोच्या जोराने वर रेटलं. उचललं नाही, नुसतं वर रेटलं. समोरच्याचा जमिनीवरचा भार सत्तरावरून पन्नास. आणि तिसऱ्या नियमाने तेच वीस किलो रेटणाऱ्याला खाली दाबतात, त्याचा भार नव्वद. म्हणजे एकाला जमिनीकडून चोपन्न आणि दुसऱ्याला तीस. वीस किलोच्या रेट्यात चोवीस किलोचा फरक पडला, आणि काठावरून बघणाऱ्याला तर काहीच घडलेलं दिसत नाही, त्याला वाटतं दोघं नुसते भिडून उभे आहेत. वस्ताद "खाली बस, खाली बस" ओरडत असतात ते यासाठी. समोरच्याचं वजन आपल्या पायात उतरवून घ्यायचं असतं.

मग मला कुस्ती वेगळीच दिसायला लागली. सुरुवातीची खडाखडी, ज्यात पब्लिकला कंटाळा येतो, त्यात दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून ढकलताहेत, ओढताहेत, म्हणजे समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हाताने वाचताहेत. ज्या पायावरचं वजन क्षणभर कमी झालं तो पाय उचलायला स्वस्त, आणि तिथेच पट निघतो, म्हणजे समोरच्याचा पाय ओढून घ्यायचा डाव लागतो. पट काढला की दोन पायांच्या जागी एक पाय, टेकू अरुंद, आणि वजन टेकूच्या बाहेर ढकललं की पुढचं काम पृथ्वी करते. ढाक नावाच्या डावात डोकं-खांदा धरून अंग वळवायचं, समोरचा स्वतःच्याच वेगाने वरून जातो. कोल्हापूरच्या मातीत घडलेले खाशाबा जाधव या ढाकेत तरबेज होते, कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात ब्राँझ घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच्या आधी १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. माझ्या डोक्यात येतं ते असं की ज्या माणसाची सगळी विद्या पाय रुतणाऱ्या मातीत तयार झाली त्याला बूट घालून गादीवर, जिथे पाय रुतत नाही, तिथे चार वर्षांत ती सगळी विद्या पुन्हा बसवावी लागली असणार. आपण पदकाची गोष्ट सांगतो, कर्ज काढून गेले, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, ते सगळं खरंच आहे आणि सांगायलाच हवं. पण पायांनी जे नव्याने शिकून घेतलं त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला ते पदकाएवढंच मोठं वाटतं.

तालमीतली माती पण अशी तशी नसते. लाल माती चाळून घ्यायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं काय काय घालायचं, हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, रोज खणायचा, उकरायचा, सारखा करायचा. नवीन पोराला पहिलं काम हौद उकरायचं मिळतं आणि ते नुसतं शिस्तीसाठी नाही. माती मऊ राहिली तर पडणाऱ्याला लागत नाही, आणि किंचित ओलसर राहिली तर पायाला धरते. कुस्ती चालू असताना पैलवान मुठीत माती घेऊन समोरच्याच्या अंगाला चोळतात, घामाने निसटणारं अंग पकडीत यावं म्हणून. दोघंही एकमेकांना चोळतात. समोरच्याने आपल्याला नीट धरावं याची व्यवस्था आपणच करायची, म्हणजे निकाल निसटण्यावर लागायला नको, डावावर लागावा. मला यातला सरळपणा फार आवडतो.

तुर्कस्तानात बरोबर उलटं करतात. एदिर्नेजवळ किर्कपिनारची कुस्ती होते, शेकडो वर्षांची परंपरा, तिथे पैलवान कातडी चड्डी घालून अंगभर ऑलिव्ह तेल ओततात, आणि समोरच्याला लावायला पण मदत करतात. घर्षण काढूनच टाकलं, मग धरायचं कुठे, तर चड्डीच्या आत हात घालून. तिथे पण दोघांना सारखंच तेल. आणि आपल्याकडचा मल्लखांब बघा, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने रुजवलेला, त्याच्या लाकडाला एरंडेल चोळतात. नवख्याला वाटतं धरायच्या खांबाला तेल कशाला, पण बिनतेलाच्या लाकडावर मांडीची कातडी सोलून निघेल, आणि पकड मांडीच्या दाबातून यायला पाहिजे, लाकडाच्या खरखरीतून नाही.

कबड्डीत हे सगळं तीस सेकंदांत दिसतं. चढाई करणारा मध्यरेषेकडे ओढ घेतोय, मागे चार जण, आणि तरी तो इंच इंच सरकतोय, जोपर्यंत त्याचा एक जरी पाय टेकलेला आहे तोपर्यंत तो धोक्याचा. आणि ज्या क्षणी त्याला कमरेत धरून उचललं त्या क्षणी खेळ संपला, तो हवेत पाय मारतो, ताकद सगळी तशीच शाबूत आहे पण लावायला जमीनच नाही. जड माणसाला हलका करायचं हे टोकाचं रूप.

आणि याच टोकाचं धोक्याचं रूप म्हणजे हल्ली व्हिडिओत दिसतं ते ट्रॅक्टरचं टोचन. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने बांधायचे आणि ओढायचे. पोरं इंजिनच्या एचपीवर पैजा लावतात, पण जागेवर अडलेल्या ओढीत एचपीचा फार संबंध नसतो, मागच्या चाकावर भार किती आणि टायर माती किती धरतो यावर सगळं. जाणते शेतकरी नांगरटीला टायरमध्ये पाणी भरतात, चाकाला वजनं लावतात, ते याचसाठी. पण साखळी उंच बांधली की मागचं चाक धरतं आणि पुढचं उठायला लागतं, आणि एकदा का ते ठरावीक उंचीच्या वर गेलं की ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर मागे उलटतो, उडी मारायला वेळ मिळत नाही. रस्सीखेचीत दोर उंच धरणारं पोर तोंडावर पडतं तोच हिशेब, फक्त इथे दोन टन लोखंड आहे. ज्यांच्या घरात ट्रॅक्टर आहे त्यांनी हे आपल्या पोरांना समजावून सांगा, ओरडू नका, कागदावर मांडून दाखवा, पोरं ऐकतात.

पंजाचं पण एक सांगून टाकते. पंजा लढवताना समोरचा हात आपल्याकडे ओढून घेतला की त्याचं कोपर उघडतं आणि त्याची तरफ कमजोर होते, म्हणून बारीक मनगटाची माणसं पण जिंकतात. पण हरत असताना खांदा एका दिशेला आणि हात दुसऱ्या दिशेला पिळू देऊ नका, दंडाचं हाड पिळून मोडतं, डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. आपल्या मुठीकडे बघत राहा, छाती तिच्यासमोर ठेवा, आणि जात असेल तर जाऊ द्या.

मामांच्या त्या वाक्यानंतर मी वर्गात एक प्रयोग सुरू केला. वजन करायचे दोन साधे काटे, बाथरूममध्ये असतात ते, शेजारी शेजारी ठेवायचे. त्यावर दोन पोरं समोरासमोर उभी करायची. एकाने दुसऱ्याच्या काखेखाली हात घालून हळूच वर रेटायचं. एका काट्यावरचा आकडा उतरायला लागतो, दुसऱ्यावरचा चढायला लागतो, आणि बाकीचा वर्ग बेरीज करत बसतो, बेरीज काही हलत नाही. मग मी विचारते, आता यातल्या कुणाला ढकलणं सोपं आहे? एकदा एका वर्गातली सगळ्यात किरकोळ मुलगी पुढे आली आणि तिने वर्गातल्या सगळ्यात थोराड पोराला रेटून त्याचा काटा चांगला दहा-बारा किलोने उतरवला, आणि मग त्याला एका बोटाने नाही पण एका हाताने काट्यावरून खाली उतरवलं. तो पोरगा पण हसला नाही की चिडला नाही, काट्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम, परत करू या, या वेळी मी गुडघे वाकवतो.

त्याने वाकवले, आणि खरंच तिला जमलं नाही, कारण त्याने खाली जाऊन तिच्या हातांना काखेत जागाच दिली नाही. मग दोघं आळीपाळीने खाली जायला लागले, तास संपल्याची घंटा झाली तरी चालूच. यंदा मला स्प्रिंगचा काटा घेऊन तालमीत जायचंय, मातीवर, गादीच्या तुकड्यावर आणि शाळेच्या फरशीवर एकच पोर किती ओढतं ते मोजायला. तालमीतल्या वस्तादांना मामांनी विचारलंय, ते म्हणाले या, पण चपला बाहेर काढून या आणि आधी थोडा हौद उकरून द्या.